उजव्या बाजूची पाखरं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, सिद्धरामेश्वरासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिलो. चौदा वर्षं झाली. तुम्ही समोर बसला आहात असं धरतो आणि सांगायचा प्रयत्न करतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. ओळखत असता तर मी पुन्हा खोटं बोललो असतो. ते मला चांगलं जमतं.

मी सोलापुरात बंदुका दुरुस्त करतो. परवाना असलेलं, वडिलांच्या वेळचं दुकान आहे. बाळीवेशीच्या आतल्या बोळात दहा बाय बाराची खोली, एक ऐरण, एक लेथ, भिंतीला ओळीनं कानशी. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे वॉचमन आणि रानडुकरांनी हैराण झालेले शेतकरी. निवडणूक आली की लोक आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, आणि परत मिळाल्या की गंज काढायला माझ्याकडं आणतात. असं साधं काम.

पण माझं नाव झालं ते दुरुस्तीनं नाही. पारखीनं झालं. जुनी विलायती बंदूक — आजोबांची, पणजोबांची — ती अस्सल आहे का, तिचा कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे मी सांगत असे. विजापूर, गुलबर्गा, लातूरपासून माणसं यायची. चांगल्या कारखान्याची बंदूक असली की नळीच्या खाली एक नंबर असतो, तोच सांगाड्यावर, तोच पुढच्या लाकडाच्या लोखंडावर, आणि तोच आत, जिथं कुणी बघत नाही अशा पट्ट्यांवर. नंबर जुळला म्हणजे ते भाग एकाच घरात जन्मलेले. नाही जुळला म्हणजे कुणीतरी परका घरात घुसलाय. स्क्रूच्या खाचा बघायच्या, लाकडाची रेष बघायची, लोखंडाचा रंग बघायचा. जुन्या लोखंडावर ढग उतरल्यासारखा निळा-तपकिरी रंग असतो. तो आज कुणाला करता येत नाही. मला तर नाहीच.

मला ते काम आवडायचं. नुसतं आवडायचं नाही — मजा यायची. खरं सांगू? ‘ही बनावट आहे’ म्हणताना जास्त मजा यायची. बार्शीचे एक डॉक्टर वडिलांची बंदूक घेऊन आले होते, सोबत दोन पाहुणे. नळीवर विलायती नाव कोरलेलं, पण नाव मागाहून कोरलेलं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि पाहुण्यांसमोर एकेक गोष्ट दाखवत गेलो. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मी बोलतच राहिलो. एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? आलं असतं की.

हे सगळं मी आधी का सांगतोय? कारण मूळ गोष्टीपाशी जायला पाय निघत नाही.

बरं. मल्लिनाथ.

मल्लिनाथ दुधनीजवळच्या एका खेड्यातला. लिंगायत घर, थोडी तुरीची शेती, दुधनीच्या बाजारात थोडी अडत. त्याचे थोरले भाऊ शिवशरण गुरुजी. अकलूजला हायस्कुलात गणित शिकवलं आणि निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आले. गावच्या घरात त्यांच्या आजोबांची दुनळी बंदूक होती. परवाना गुरुजींच्या नावावर, आणि त्या वर्षी त्यांनी त्यावर धाकट्याचंही नाव घालून घेतलं होतं. बंदुकीचा डावा घोडा आजोबांच्या हयातीतच पडून हरवलेला. गुरुजींना तो पुन्हा बसवून हवा होता. बंदूक चालवायची नव्हती — घरातली वस्तू धड दिसावी, एवढंच.

तुम्हाला बंदुकीतलं कळत नसेल तर एवढं लक्षात ठेवा. जुन्या दुनळीला दोन्ही बाजूंना लोखंडाची एकेक पट्टी असते. आतून तिला स्प्रिंग आणि खटका, बाहेरून घोडा — म्हणजे वाकड्या मानेची एक छोटी हातोडी, ती पडली की बार उडतो. पट्टी, स्प्रिंग, घोडा या सगळ्याला मिळून आम्ही लॉक म्हणतो. डावं एक, उजवं एक.

मल्लिनाथ दुपारच्या एसटीनं आला होता. बंदूक बायकोच्या जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळलेली. पंचावन्नचा माणूस, माझ्याच वयाचा, अंगानं काटक, डोळे किंचित पिवळे. बाकावर बसला आणि लुगडं असं सोडायला लागला की जणू आत झोपलेलं मूल आहे.

बंदूक अस्सल होती. एका नजरेत कळलं. डाव्या पट्टीवर दबा धरून बसलेला शिकारी कुत्रा कोरलेला. उजव्या पट्टीवर गवतातून उडणारे दोन तितर. पीस न् पीस मोजून घ्यावं असं काम. आणि वर तो ढगाचा रंग, शंभर वर्षांनंतरही शाबूत.

त्यानं उजव्या पट्टीवरनं अंगठा फिरवला. म्हणाला, “आज्जा आमाला मांडीवर घिऊन ही पाखरं दावायचा बगा. फुडचं अण्णाचं, मागचं माजं. लई भांडायचो आमी, मला फुडचं पायजे म्हून.” आणि हसला.

मग आपणहून सांगायला लागला. मधली आठ-दहा वर्षं तो दारूत वाया गेला होता. आईचे चांदीचे तोडे विकून प्यायला होता, ते सगळ्या गावाला ठाऊक. आता तीन वर्षं थेंब नाही. “अण्णानं माजं नाव घातलं की परवान्यावर. पैल्यांदा माज्या हातात काय तर सोपावलंय त्यानं. म्हून मी स्वता घिऊन आलो. एसटीत मांडीवरनं खाली ठिवली न्हाय.”

मी पावती लिहिली. पावतीवर नळीचा नंबर लिहिला, डावा घोडा नाही असं लिहिलं. उजव्या लॉकबद्दल काही लिहिलं नाही. ते तर शाबूतच होतं — शाबूत गोष्टीबद्दल काय लिहायचं?

डावा घोडा बनवायचा म्हणजे उजव्याचा नमुना हवा. त्यासाठी उजवा घोडा काढायला हवा. तो आतल्या चौकोनी खुंटीवर गंजून घट्ट बसला होता. अशा वेळी काय करायचं ते वडिलांनी मला शिकवलं होतं — तेल सोडायचं, ठेवून द्यायचं, रोज एक थेंब, आठवडा लागो नाहीतर महिना. मग खेचणीनं हळूहळू ओढायचा. खेचणी माझ्याकडं होती. भिंतीवर टांगलेली होती.

मी तीन दिवस तेल सोडलं. चौथ्या दिवशी दुपारी घोडा हलेना तेव्हा गॅसची बत्ती पेटवली. घाई कसली होती? कसलीच नाही. गुरुजींनी तारीख दिली नव्हती. दुकानात दुसरं काम नव्हतं. मला फक्त कंटाळा आला होता. एवढंच. चौदा वर्षं मी यापेक्षा बरं कारण शोधतोय.

पट्टी लाल झाली. ढगाचा रंग डोळ्यांदेखत उडाला, तव्यावरच्या थेंबासारखा. तरी थांबलो नाही. लोखंडी पंच लावून हातोडीनं ठोकलं — घोड्याची मान तुटली, आणि भोकापासून कडेपर्यंत पट्टीला चीर गेली. वर पट्टी वाकली. घाबरून ऐरणीवर ठेवून सरळ करायला गेलो तर ते दोन्ही तितर चेपले. एकाचं डोकं गेलं, दुसऱ्याचा पंख. फुडचं कुठलं आणि मागचं कुठलं, ते आता सांगता आलं नसतं.

मी खाली बसलो. त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते जसंच्या तसं सांगतो. ‘अरेरे, त्यांची बंदूक’ हे आलं नाही. ‘आता लोक काय म्हणतील’ हे आलं. विजापूर ते लातूर.

कोरीवकाम करणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडून नव्या पट्टीवर तितर काढून घेऊन बघितले. कोंबड्या दिसत होत्या. ती पट्टी मोडून टाकली. मग भंगारातल्या एका दुनळीचं उजवं लॉक काढलं, साधारण त्याच मापाचं, त्यावर नुसती वेलबुट्टी. लाकूड थोडं कोरून ते बसवलं. त्याच्या घोड्याच्या जोडीला डावा घोडा बनवला. दोन्ही घोडे एकसारखे दिसायला लागले. काम, खोटं का असेना, सफाईचं झालं होतं. मूळची फुटकी पट्टी आणि घोड्याचे तुकडे त्याच आठवड्यात भंगाराच्या गाडीत घातले. म्हणजे पुरावा माझ्याच हातानं गेला. तुम्हाला दाखवायला आज माझ्याकडं काही नाही.

गुरुजी बंदूक न्यायला आले तेव्हा मल्लिनाथ सोबत नव्हता. मी मनात ठरवलं होतं — लक्षात आलं तर सांगून टाकायचं, नाही आलं तर गप्प. साठी ओलांडलेला माणूस, बंदूक कित्येक वर्षं गावाकडच्या पेटीत गुंडाळलेली. कशाला लक्षात येतंय?

त्यांनी चष्मा पुसला. डावा घोडा बघितला, मान डोलावली. मग बंदूक फिरवली. उजव्या पट्टीवरनं बोट फिरवलं.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “पाखरं कुठं गेली?”

बघा, इथं. याच ठिकाणी. एक वाक्य पुरलं असतं — गुरुजी, माझ्या हातून खराब झालं. ते ओरडले असते. कदाचित ओरडलेही नसते. शिक्षक माणूस, हजार पोरांच्या चुका पोटात घातलेला.

मी भिंग उचललं. लॉक उघडून त्यांना आतली बाजू दाखवली. नळीवरचा नंबर दाखवला, सांगाड्यावरचा दाखवला, डाव्या लॉकच्या आतला दाखवला. मग उजव्या लॉकमध्ये नंबर नाही, हे दाखवलं. “हे लॉक या बंदुकीचं नाहीच, गुरुजी. कुणीतरी बदललंय. माझ्याकडं आली ती अशीच आली.” आवाज अगदी शांत होता माझा. बार्शीच्या डॉक्टरांना सांगताना होता तसाच. गंमत म्हणजे — गंमत कसली — त्यात प्रत्येक शब्द खरा होता, शेवटचं वाक्य सोडून. लॉक खरंच त्या बंदुकीचं नव्हतं. माझी पारख बरोबर होती.

आणि एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. ते ‘बरं’ म्हणून उठले असते, आयुष्यभर कोड्यात राहिले असते. पण मला भीती वाटली की ते माझ्याकडं बघतायत. म्हणून मी विचारलं —

“याच्या आधी बंदूक कुणाकडं होती?”

हाच तो गुन्हा. पट्टी जाळली ती चूक होती. खोटं बोललो ती भीती होती. पण हा प्रश्न मी विचार करून विचारला. मल्लिनाथनंच मला सांगितलं होतं ना — तोडे विकले, दारू प्यालो, अण्णानं पहिल्यांदा सोपवलं. माझ्या बाकावर बसून, माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं. मी ते उचललं आणि त्याच्याच मानेवर ठेवलं. त्याचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही मला.

गुरुजींनी बंदूक हळूच खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. लॉकचे स्क्रू परत बसवत राहिलो. ते एवढंच म्हणाले, “तम्मा.” कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. हाक मारल्यासारखं नाही — उत्तर सापडल्यासारखं.

चार दिवसांनी मल्लिनाथ आला. धावतपळत आल्यासारखा, पायांवर धूळ. त्याला वाटलं होतं काहीतरी गैरसमज झालाय आणि मी तो एका शब्दात सोडवीन. रागावलेला नव्हता हो तो. उलट हसायचा प्रयत्न करत होता.

“मिस्त्री, अण्णा म्हनतोय पाखरं न्हाईत. तुमी बगितली की त्या दिवशी. हितंच बसून दावली की म्या तुमाला. फुडचं अण्णाचं, मागचं माजं — आठवतंय न्हवं?”

समोरच्या दुकानातला शिंपी कान देऊन ऐकत होता. पण शिंप्यावर घालणार नाही मी. कुणी नसतं तरी मी हेच बोललो असतो.

मी म्हणालो, “माझ्याकडं बंदुका येतात-जातात. मला नाही आठवत बाबा.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरायला हवी होती. त्याला तेव्हा कळलं होतं का, की हे मी केलंय? मी हा प्रश्न इतक्यांदा स्वतःला विचारलाय. मला वाटतं, नाही कळलं. त्याला वाटलं असावं, की याला खरंच आठवत नाही. माणूस आपल्या तोंडावर एवढं सरळ खोटं बोलेल, हे त्याला सुचलंच नाही. तो पिऊन वाया गेलेला माणूस होता, पण खोटारडा नव्हता. तोडे विकले तेव्हाही संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं होतं म्हणे.

“बरं,” म्हणाला. “आठवलं तर अण्णाला फोन करा की तेवडा.” आणि पायऱ्या उतरून गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. गुरुजी दर निवडणुकीनंतर बंदूक साफ करायला आणायचे, तेव्हा थोडं थोडं बोलायचे. परवान्यावरचं धाकट्याचं नाव त्यांनी काढून टाकलं. पोलिसांत गेले नाहीत. भांडलेही नाहीत. फक्त बोलणं बंद केलं. पुतणीच्या लग्नाला गेले नाहीत — अक्षता टाकायला सुद्धा नाही. “आजोबांची पाखरं विकणाऱ्याच्या मांडवात मी उभा कसा राहू?” असं माझ्याच बाकावर बसून म्हणाले मला. मी नळीत ब्रश फिरवत होतो. फिरवत राहिलो.

मल्लिनाथ पुन्हा प्यायला लागला होता. ते ऐकल्यावर गुरुजींची खात्रीच पटली. “बघा, म्हणजे पैसे त्यालाच लागत होते,” म्हणाले. गणिताचे मास्तर. उत्तर आधी मिळालं आणि रीत मागून बसली.

एकदा मी दुधनीला गेलो. सांगायलाच गेलो होतो, असं मला वाटतं. सकाळची एसटी धरली, अक्कलकोटवरून पुढं. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवली. स्टँडवर उतरून बाजाराकडं चालायला लागलो तर तो चहाच्या गाड्याशेजारी पोत्यावर बसलेला दिसला. पोट सुटलेलं, पाय सुजलेले, डोळे आता पुरते पिवळे. पाच वर्षांत वीस वर्षांचा फरक. मी वळणार होतो. पण त्यानं मला बघितलं आणि हात वर केला.

“या की मिस्त्री. हिकडं कुटं?” सरकून मला जागा दिली. गाडेवाल्याला कानडीत दोन चहा सांगितले.

मी बसलो. चहा हातात घेतला. सांगायचं होतं ते घशापर्यंत आलं होतं, खोटं सांगत नाही — तुम्ही विश्वास ठेवू नका हवं तर. त्याच्या आधी तोच बोलला. रस्त्याकडं बघत, अगदी सहज.

“मिस्त्री, मला आता वाटायलंय की मीच कुटं तर इकली असतील ती पाखरं. पिनाऱ्याला काय कळतंय? तुमी म्हनला आठवत न्हाय, अण्णा म्हनतोय म्या केलं. एवढी दोन शानी मानसं खोटं कशाला बोलतील? मग म्याच केलं असंल.”

तो तेव्हा पीत नव्हता, बंदूक घेऊन आला तेव्हा. तीन वर्षं थेंब नव्हता. हे त्यानंच मला सांगितलं होतं, आणि आता तेही तो विसरला होता. ते लक्षात असलेला जगात मी एकटा होतो.

एका माणसाकडून मी त्याचा भाऊ घेतला होता. ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी कळलं, की त्याच्याजवळ उरलेली एकच गोष्ट — आपण हे केलेलं नाही, ही आतली खात्री — तीही मी काढून घेतली होती.

आणि मी काय केलं? चहा संपवला. म्हणालो, “जाऊ द्या आता. तब्येत सांभाळा.” त्यानं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. पुढच्या एसटीनं परत आलो.

तीन महिन्यांनी तो गेला. कावीळ म्हणाले. गुरुजी मातीला गेले होते. नंतर दुकानात आले तेव्हा मला सांगत होते. म्हणाले, “शेवटी तरी कबूल करायचं की हो. मी वाट बघत होतो. एक शब्द बोलला असता तर मी जवळ घेतलं असतं.” ते एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द होता तर माझ्याकडं होता. आणि आता निदान त्यांना तरी सांगावं, असं मनात येऊनही मी तो गिळला. मल्लिनाथ जिवंत होता तोवर सांगणं म्हणजे अब्रू जाणं होतं. तो गेल्यावर सांगणं म्हणजे — एका म्हाताऱ्याला सांगणं, की तू निरपराध भावाला मरेपर्यंत दारात उभं केलं नाहीस. बघा, कशी सोय होते. मी भित्रेपणाला दया म्हणायला लागलो. ती दया नव्हती. मला माझ्या कातडीची काळजी होती, तेव्हाही, नंतरही.

गेल्या वर्षी गुरुजी पुन्हा आले. आता काठी आहे, कान मात्र तीक्ष्ण. परवाना पुढं चालवायचा नाही, बंदूक एका सरकारी संग्रहालयाला द्यायची ठरवलीय म्हणाले. संग्रहालयाला जाणकाराचा दाखला हवा होता — बंदुकीचे कुठले भाग मूळचे, कुठले बदललेले, कधी, कसे. “तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

मी बसून लिहिलं. नळ्या मूळच्या. सांगाडा मूळचा. दस्ता मूळचा. डावं लॉक मूळचं, त्याचा घोडा नवा, माझ्या हातचा. आणि मग — उजवं लॉक मूळचं नाही. मूळचं लॉक कुटुंबाच्या ताब्यात असताना गहाळ. हे मी शाईनं लिहिलं. हात कापला नाही.

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. एकदा, दोनदा. मग माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘कुटुंबाच्या ताब्यात’ हे खोडा मिस्त्री. वाचणारा विचारत बसेल, कुटुंबात कोण. नको. तम्माचं जे काय होतं ते तो घेऊन गेला. मी त्याला माफ केलंय. कागदावर राहायला नको ते.”

आणि रडले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नाही, नुसती हनुवटी हलते.

मी ते शब्द खोडले. नवा कागद घेतला. ‘उजवं लॉक मूळचं नाही. मूळचं केव्हा गहाळ झालं, माहीत नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. ज्यानं काही केलंच नव्हतं त्याला माफी मिळाली, आणि ज्यानं केलं त्यानं ती टेबलापलीकडं बसून बघितली. गुरुजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. उपकार झाले म्हणाले. मी म्हणालो, कसले उपकार.

बंदूक आता काचेच्या कपाटात आहे. मी बघायला गेलेलो नाही. जे गेले त्यांनी सांगितलं, की शेजारच्या पाटीवर माझ्या दाखल्यातली वाक्यं आहेत. लोक अजून माझ्याकडं जुन्या बंदुका घेऊन येतात आणि विचारतात, हे अस्सल आहे का. मी भिंग उचलतो. सांगतो. बहुतेकदा बरोबर सांगतो.

गुरुजी सोलापुरातच आहेत. त्यांचं घर माझ्या दुकानापासून पायी वीस मिनिटांवर आहे. संध्याकाळी ते व्हरांड्यात एकटेच बसलेले असतात, कुणीही जाऊन बोलू शकतं. मी आजही गेलो नाही.